अधिकाचा भार

यंत्राकडून त्याच्या निर्मात्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने काम करून घ्यावे काय, आणि तसे करून घेत असताना त्याचा एखादा भाग निकामी झाला तर त्या नाशाचे कर्तेपण कोणाकडे जाते, हा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ तंत्रज्ञांच्या कक्षेतला वाटतो. तथापि कर्म, दैव, स्वामित्व आणि मर्यादा यांविषयी आजच्या बीदर व कलबुर्गी या जिल्ह्यांच्या भूमीत जो विचार झाला, तो ध्यानात घेतला तर हाच प्रश्न धर्मविचाराच्या गाभ्याशी जाऊन भिडतो. कल्याणी चालुक्यांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणमध्ये, सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (१०७६–११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका रचली. त्याच नगरात पुढे बाराव्या शतकात बसवेश्वर आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, श्रमाला उपासनेची प्रतिष्ठा दिली. आणि कागिणा नदीकाठच्या मळखेडशी द्वैतमताचे थोर टीकाकार जयतीर्थ यांचे नाव परंपरेने जोडलेले आहे. हे तीन विचारप्रवाह एकमेकांशी सहमत नाहीत आणि त्यांना ओढूनताणून सहमत करण्याचे कारणही नाही. पण घेतलेल्या शक्तीचा हिशेब कोणाला द्यायचा, या प्रश्नापाशी तिघेही येऊन थांबतात. प्रस्तुत विवेचनात त्या प्रश्नाची परीक्षा एका अगदी सामान्य घटनेच्या आधारे केली आहे: नेमल्या वेगापलीकडे चालवलेल्या डेस्कटॉप संगणकाला वीज पुरवणारा भाग जळतो आणि तो बदलावा लागतो.

संगणकाच्या प्रोसेसरला दर सेकंदाला ठरावीक संख्येने विद्युत्‌स्पंद मिळतात आणि प्रत्येक स्पंदासरशी त्याचे काम एकेक पाऊल पुढे सरकते. या स्पंदांच्या गतीला क्लॉक म्हणतात, व ती गती निर्मात्याने छापून दिलेल्या आकड्यापलीकडे नेण्याच्या क्रियेला ओव्हरक्लॉकिंग हे नाव आहे. गती वाढली की प्रोसेसरमधील सूक्ष्म स्विचांना उघडझाप करायला कमी अवधी उरतो आणि ते चुकू लागतात. ते चुकू नयेत म्हणून त्यांना मिळणारा विद्युत्‌दाबही वाढवावा लागतो. हिशेब बिघडतो तो येथे, कारण प्रोसेसरला लागणारी वीज गतीच्या सरळ प्रमाणात, पण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, ४ गिगाहर्ट्‌झ गतीने व १.२ व्होल्ट दाबाने चालणारा एखादा प्रोसेसर ९५ वॅट वीज घेत असेल आणि तोच ४.८ गिगाहर्ट्‌झ गतीने १.३८ व्होल्टवर चालवला, तर वेगात २० टक्के वाढ होते, पण विजेची मागणी सुमारे ५९ टक्क्यांनी वाढून १५० वॅटच्या घरात जाते. लाभ आणि भार यांच्यातील हे अंतर पुढे पुन्हा पुन्हा आठवावे लागेल.

हा वाढलेला भार प्रोसेसर एकट्याने पेलत नाही. भालकी, औराद, हुमनाबाद, आळंद अशा गावांतील दुरुस्तीच्या दुकानांत ज्याला सरसकट एसएमपीएस म्हणतात, तो कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यातील पत्र्याचा डबा भिंतीतून येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आत घेतो, तिला एकदिश करून सुमारे ३२५ व्होल्टच्या किंवा त्याहून अधिक दाबाने एका मोठ्या धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, साठवतो, मग ती अतिशय जलद उघडझाप करणाऱ्या स्विचांमधून व लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या स्थिर धारांमध्ये वाटून देतो. हे वाटप करताना काही वीज उष्णतेच्या रूपाने त्याच्या स्वतःच्याच अंगावर खर्च होते. कार्यक्षमता ८० टक्के असेल आणि संगणक २०० वॅट मागत असेल, तर डब्याला भिंतीतून २५० वॅट घ्यावे लागतात व उरलेल्या ५० वॅटची उष्णता त्याच्या पोटातच निर्माण होते. डब्यातील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये एक द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू सुकतो आणि सुकेल तसतशी त्या कपॅसिटरची विजेतील चढउतार गिळण्याची शक्ती घटते. त्याच्या आयुष्याविषयीचा अभियंत्यांचा ठोकताळा असा की तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले तर आयुष्य निम्मे होते: १०५ अंशांवर २,००० तास टिकेल असा कपॅसिटर ८५ अंशांवर साधारण ८,००० तास, तर ६५ अंशांवर ३२,००० तास टिकावा. एप्रिल-मे महिन्यांत कलबुर्गीचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो, पंख्याने आत ओढलेली हवाच तापलेली असते, आणि शेतीपंप सुरू झाले की गावाकडे विजेचा दाब खाली येतो. दाब खाली आला की तितकेच काम करण्यासाठी एसएमपीएसला अधिक प्रवाह ओढावा लागतो व त्या प्रवाहाने तो आणखी तापतो. अशा परिस्थितीत ज्याच्यावर ओव्हरक्लॉकिंगचा भार आहे तो डबा आपले आयुष्य कोणाच्याही लक्षात न येता खर्च करत असतो. पडद्यावर मात्र या काळात केवळ वाढलेला वेग दिसतो.

मग एके दिवशी वळवाच्या पावसाआधी वीज जाऊन येते, आणि संगणक पुन्हा सुरू होत नाही. घरात म्हटले जाते की लाइटमुळे एसएमपीएस उडाला. हे विधान खोटे नाही, पण ते अपुरे आहे, आणि त्याचा अपुरेपणा नेमका कोणता हे मिताक्षरेच्या साहाय्याने स्पष्ट करता येते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या राजधर्मप्रकरणात कार्यसिद्धी दैव आणि पुरुषप्रयत्न या दोहोंवर अवलंबून असते असे प्रतिपादन आहे, आणि तेथेच दैवाची जी ओळख करून दिली आहे ती फार अर्थपूर्ण आहे: पूर्वदेहात केलेला प्रयत्नच फळरूपाने प्रकट झाला की त्याला दैव म्हणतात. या दृष्टीने दैव ही माणसाबाहेरची, त्याच्यावर लहरीने चालून येणारी सत्ता राहत नाही. ज्याचा कर्ता विस्मृतीत गेला आहे असे ते जुने कर्मच ठरते. कपॅसिटर सुकण्याची प्रक्रिया ज्याने पाहिली आहे त्याला या व्याख्येतील सामर्थ्य चटकन कळेल. शेवटच्या दिवशी आलेला विजेचा झटका हे निमित्तकारण, म्हणजे कार्याला चालना देणारे बाह्य कारण, खरे. पण त्या झटक्याने मोडून पडावे इतकी दुर्बलता ज्याने निर्माण केली तो अनेक महिन्यांचा भार हे पूर्वकर्म होते. शेजारच्या खोलीतील, नेमल्या वेगाने चालणारा संगणक तोच झटका सहन करून सुरू राहिला, ही गोष्ट दैवाच्या नावाने झाकता येत नाही.

दैव आणि दोष यांच्या सीमारेषेचा विचार याच ग्रंथाच्या व्यवहाराध्यायात, म्हणजे न्यायालयीन वादांच्या भागात, अधिक काटेकोरपणे आला आहे. दुसऱ्याची वस्तू ठेव म्हणून सांभाळणाऱ्याकडून ती राजाने नेली, चोराने पळवली किंवा आग-पाण्यासारख्या दैवी आपत्तीने नष्ट झाली, तर ती भरून देण्याचे बंधन त्याच्यावर नसते. परंतु त्याने स्वतःच्या इच्छेने त्या ठेवीचा उपभोग घेऊन लाभ मिळवला असेल, तर तो दंडास पात्र होतो आणि त्याला ती वस्तू वाढीसह परत करावी लागते. हाच नियम मागून आणलेल्या वस्तूलाही लागू केला आहे, आणि अशा वस्तूचे उदाहरण म्हणून मिताक्षरेने लग्नकार्यासारख्या प्रसंगी मागून आणलेली वस्त्रे व दागिने यांचा उल्लेख केला आहे. येथे लक्षात घेण्याजोगे तत्त्व असे की वस्तू नष्ट झाली एवढ्यावरून दोष ठरत नाही, तसेच वस्तू दैवाने नष्ट झाली एवढ्यावरून दोष टळतही नाही. ती कोणत्या उपयोगासाठी हाती आली होती आणि प्रत्यक्षात कोणत्या उपयोगात ती खर्ची पडली, याकडे पाहावे लागते. आजच्या वॉरंटीच्या कागदावर नेमल्या वेगापलीकडील वापर वगळलेला असतो, तो याच तत्त्वाला धरून. नऊ शतकांपूर्वी कल्याणच्या पंडिताला जी भेदरेषा आवश्यक वाटली तीच आज डब्यात घडी घालून आलेल्या पत्रकात छापलेली असावी, यावरून ती किती मूलभूत आहे हे समजते.

यावर एक भक्कम आक्षेप आहे आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विकत घेतलेला संगणक ही ठेव नव्हे, मागून आणलेला दागिनाही नव्हे. तो मालकाचा आहे. खुद्द विज्ञानेश्वराने स्वत्व, म्हणजे वस्तूवरील मालकी, ही केवळ शास्त्रवचनाने कळणारी गोष्ट नसून लोकव्यवहाराने सिद्ध होणारी आहे असे ठामपणे मांडले, आणि लोकव्यवहार असे सांगतो की स्वतःची वस्तू माणसाने हवी तशी वापरावी, झिजवावी, मोडावीही. शिवाय निर्मात्याने छापलेला आकडा म्हणजे काही निसर्गाने घातलेली सीमा नव्हे. एकाच साच्यातून निघालेल्या चिप तपासून त्यांना वेगवेगळ्या वेगांची नावे दिली जातात आणि बाजाराची गरज पाहून चांगली चिपही कमी वेगाच्या नावाने विकली जाते. १९९८ मध्ये इंटेल कंपनीने बाजारात आणलेला सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्‌झच्या नावाने विकला जात होता, पण मदरबोर्डावरील बसची, म्हणजे भागांमधील दळणवळणाच्या मार्गाची, गती ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेली की त्यातले कितीतरी नग ४५० मेगाहर्ट्‌झवर सुखाने चालत. तेथे अडसर होता तो नावाचा. म्हणून मर्यादेचे दोन प्रकार मानणे भाग आहे: एक सांकेतिक मर्यादा, जी व्यवहारासाठी कोणीतरी ठरवलेली असते, आणि दुसरी द्रव्यगत मर्यादा, जी त्या पदार्थाच्या घडणीतूनच येते. सांकेतिक मर्यादा तपासून पाहणे, ओलांडणे, हे ज्ञानाचे काम आहे; ते कोणी केलेच नसते तर द्रव्यगत मर्यादा कोठे आहे हे कधीच कळले नसते. ज्या भूमीत शरणांनी जन्मावरून ठरवलेल्या मर्यादा ओलांडल्या आणि त्यासाठी कल्याणमध्ये प्राण पणाला लावले, त्या भूमीत छापील मर्यादेला पवित्र मानण्याचा उपदेश करणे शोभणारे नाही. एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजातील विद्यार्थी, मग तो कलबुर्गीच्या १९५८ साली स्थापन झालेल्या पीडीए कॉलेजातला असो की बीदरच्या गुरु नानक देव कॉलेजातला, जेव्हा रात्रभर बसून आपल्या संगणकाची गती पायरी-पायरीने वाढवत त्याची परीक्षा घेतो, तेव्हा त्याची जिज्ञासा निर्मळ असते.

आक्षेप एवढ्यापुरता मान्य केला, तरी मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. उलट तो योग्य जागी येऊन उभा राहतो. जिज्ञासेने प्रोसेसरची द्रव्यगत मर्यादा तपासली, ही गोष्ट खरी. पण भार पडला तो दुसऱ्यावर. ज्याची परीक्षा घेतली जात होती तो प्रोसेसर उत्तीर्ण झाला, आणि ज्याला कोणी काही विचारलेच नव्हते तो एसएमपीएस जळाला. निर्जीव डब्याला दुःख होत नाही, तेव्हा त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु घेणारा आणि पुरवणारा वेगळे असतात तेथे घेणाऱ्याच्या सोसण्यावरून मर्यादा ठरवणे ही चूक आहे, आणि यंत्राच्या बाबतीत जडलेली ही विचारपद्धती माणसांच्या बाबतीत आपोआप गळून पडते असे मानण्यास काहीही आधार नाही. घरातील एकाचा वेग वाढावा म्हणून दुसऱ्याने अहोरात्र राबावे, आणि ते दुसरे माणूस कोसळले की नशिबाला बोल लावावा, हे कोणत्याही गावाला अपरिचित नाही.

या ठिकाणी शरणपरंपरेतील आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या दांपत्याची कथा केवळ दृष्टान्त म्हणून नव्हे तर विचार म्हणून समोर ठेवली पाहिजे. बसवेश्वरांच्या महामनेच्या, म्हणजे जेथे येणाऱ्या प्रत्येकाला अन्न मिळे त्या मोठ्या घराच्या, अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्याचे कायक होते. कायक म्हणजे प्रामाणिक शरीरश्रम, जो करणे हीच शिवाची पूजा असे शरण मानत. आणि त्या श्रमातून आलेले इतरांना अर्पण करणे म्हणजे दासोह. एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घेऊन घरी आला, तेव्हा लक्कम्माने ते पाहून हा लोभ आपल्याला शोभत नाही असे सांगितले आणि जास्तीचे दाणे जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास लावले. तांदूळ चोरीचा नव्हता, कोणी मनाई केली नव्हती, आणि परंपरा तर असेही सांगते की बसवेश्वरांनी तो मुद्दाम अधिक सांडून ठेवला होता. तरीही लक्कम्माने तो नाकारला. तिचा नकार दारिद्र्याच्या कौतुकातून आलेला नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण त्याच कथेत ती पुढे असंख्य जंगमांना, म्हणजे फिरत्या शैव साधूंना, जेवू घालते. देणाऱ्याने दिले म्हणून घेणाऱ्याचा विवेक संपत नाही, आणि गरजेहून अधिक उचलले की घेणे व देणे यांच्यातले नातेच पालटते, हे तिला दिसले होते. तिच्यापुढे प्रश्न होता तो आपल्याला किती पेलते याचा नव्हता. आपल्याला किती लागते याचा होता. मिताक्षरेने ठेवीच्या संदर्भात विचारलेला प्रश्न लक्कम्माने स्वतःच्या कमाईलाही विचारला, म्हणून या एका बाबतीत ती विज्ञानेश्वराच्या पुढे गेली असे म्हणण्यास हरकत नसावी.

मालकीचा आक्षेप दुसऱ्याही बाजूने तपासता येतो. परंपरेनुसार मूळचे मंगळवेढ्याचे असलेले जयतीर्थ यांनी द्वैतमताचे प्रवर्तक मध्वाचार्य यांच्या ज्या ग्रंथांवर टीका लिहिल्या त्यांत तत्त्वसंख्यान हा लहानसा ग्रंथ आहे, आणि त्याच्या आरंभीच सगळ्या तत्त्वांची विभागणी स्वतंत्र व अस्वतंत्र अशा दोन गटांत केली आहे. स्वतंत्र तत्त्व एकच, ते म्हणजे विष्णू. बाकी सर्व जीव व जड पदार्थ यांचे असणे, जाणणे आणि करणे त्याच्यावर अवलंबून असते. मध्वमतातील हा सिद्धान्त ईश्वराविषयी आहे, आणि त्याला यंत्रावर जसाच्या तसा बसवणे हा त्याचा अवमान ठरेल. परंतु त्यातून शिकण्यासारखी एक दृष्टी आहे: कोणत्याही सृष्ट पदार्थात सामर्थ्य दिसले की ते कोणाकडून आले, असे विचारत राहावे आणि मध्येच कोठेतरी थांबून त्या पदार्थालाच सामर्थ्याचा धनी समजू नये. प्रोसेसरचे सामर्थ्य एसएमपीएसचे, एसएमपीएसचे भिंतीतल्या तारेचे, तारेचे उपकेंद्राचे, आणि त्यामागे रायचूरजवळच्या शक्तिनगरसारख्या ठिकाणी भट्टीत जळणाऱ्या कोळशाचे. संगणक विकत घेतला जातो. शक्ती मात्र क्षणोक्षणी उसनीच येत असते. मालकीचा हक्क त्या पत्र्याच्या डब्यापाशी संपतो आणि त्यापलीकडे केवळ अवलंबन उरते.

या अवलंबनाची जाणीव जिच्या रचनेतच आहे अशी एक जुनी सोय याच भूमीत आहे: बीदरच्या नौबाद भागातील बहामनी काळातील करेझ. जांभ्या दगडाच्या पठाराखालून मंद उताराने भूजल बाहेर आणणारा हा बोगदा आणि त्यावर हवा व डागडुजी यांसाठी ठरावीक अंतरावर खोदलेले उभे झरोके पाहिले, म्हणजे पुरवठ्याच्या एका निराळ्या जाणिवेची ओळख होते. करेझमध्ये पाणी उपसावे लागत नाही, ते स्वतःच्या वजनाने वाहते, आणि म्हणूनच भूजलाची पातळी खाली गेली की करेझचा प्रवाहही आपोआप मंदावतो. पुरवणाऱ्याची स्थिती घेणाऱ्याला रोजच्या रोज कळत राहील अशी त्याची रचनाच आहे. विंधनविहिरीत सोडलेला पाणबुडी पंप मात्र पातळी कितीही खाली जावो, तितक्याच जोराने ओढत राहतो, आणि ज्या दिवशी पाणी संपते त्या दिवशीच ते संपत आले होते हे कळते. ओव्हरक्लॉक केलेला संगणक या दुसऱ्या जातीचा आहे. प्रोसेसर अति तापला तर तो स्वतःचा वेग कमी करून घेतो, पण एसएमपीएसचा कपॅसिटर किती सुकला आहे याची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची सोय सामान्य संगणकात नसते. दोष काढायचाच तर तो येथे काढावा: जेथे पुरवणारा आपली दशा सांगू शकत नाही, तेथे ती दशा विचारण्याचे कर्तव्य घेणाऱ्याकडे येते.

आता बदलण्याच्या क्रियेकडे वळावे. बीदर भागात नवा एसएमपीएस बहुधा हैदराबादच्या बाजूने, सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारातून येतो. महाराष्ट्राला लागून असलेल्या तालुक्यांतील लोक उदगीर, लातूर किंवा सोलापूर जवळ करतात. मागचे चार स्क्रू काढले, मदरबोर्डाचे २४ पिनांचे आणि प्रोसेसरचे ४ किंवा ८ पिनांचे कनेक्टर सोडवले, डिस्क व ग्राफिक्स कार्डाच्या तारा काढल्या, की जुना डबा बाहेर येतो आणि त्याच क्रमाने उलट जाऊन नवा बसतो. येथे एकच खबरदारी वारंवार सांगितली पाहिजे की सुट्या तारांच्या, म्हणजे मॉड्युलर, एसएमपीएसमध्ये एका कंपनीच्या तारा दुसऱ्या कंपनीच्या डब्याला लावू नयेत, कारण डब्याकडील टोकाची पिनांची रचना निरनिराळी असते आणि चुकीच्या तारेने क्षणात संपूर्ण यंत्र जळू शकते. तंत्राच्या दृष्टीने काम येथे संपले. विचाराच्या दृष्टीने ते येथे सुरू होते, कारण वाढवलेल्या वेगाची आज्ञा एसएमपीएसमध्ये कधी नव्हतीच; ती मदरबोर्डाच्या स्मृतीत नोंदलेली असते आणि अनेक बोर्डांत बाहेरची वीज नसतानाही नाण्याएवढ्या एका सेलच्या आधाराने ती जपली जाते. म्हणजे निकामी झालेला भाग गेला, नवा आला, आणि त्या नव्या भागाला पहिल्या क्षणापासून जुनी मागणी मिळाली. भारतीय दर्शनांनी ज्याला संस्कार म्हटले, म्हणजे कर्माने मागे ठेवलेला आणि पुन्हा त्याच कर्माकडे ओढणारा ठसा, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. देह पालटला तरी वासना पालटली नसेल तर पुढचा देहही त्याच वाटेने जातो, या सिद्धान्ताची सत्यता जन्मांतराच्या श्रद्धेवर अवलंबून नाही. ती दुरुस्तीच्या मेजावर तपासून घेता येते.

म्हणून खऱ्या अर्थाने बदल करायचा असेल तर नवा एसएमपीएस जोडल्यावर प्रथम मदरबोर्डाची नोंद पुसून यंत्र मूळ वेगावर आणावे, १२ व्होल्टची धारा प्रमाणानुसार ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान स्थिर राहते काय हे भाराखाली मोजावे, आणि त्यानंतरच वाढीव वेगाचा विचार करावा. तो विचार करूच नये असे नाही. प्रोसेसरला १५० वॅट, ग्राफिक्स कार्डाला २०० वॅट आणि उरलेल्या भागांना ६० ते ७० वॅट असा हिशेब मांडून, जो डबा सुमारे ६५ टक्के भारावर निवांत राहील असा ६५० वॅटचा चांगला डबा घेतला, तर घेणाऱ्याने पुरवणाऱ्याला आधी विचारले असे होते, आणि तशा अधिकात दोष नाही. दोष आहे तो कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या, स्टिकरवर ४५० वॅट छापलेल्या पण तितके देण्याची ताकद नसलेल्या डब्यावर तीच मागणी पुन्हा लादण्यात. आणि या बाबतीत दुरुस्ती करणाऱ्यावरही एक जबाबदारी येते: यंत्र कोणत्या वेगावर ठेवले आहे हे न पाहता केवळ डबा बदलून पैसे घेणाऱ्याचे काम नियमाला धरून असेल, पण शरणांनी ज्याला कायक म्हटले त्या योग्यतेचे ते नाही, कारण कायकात केलेल्या कामाचे फळ ज्याच्या पदरात पडणार त्याची चिंता अंतर्भूत आहे.

भाग बदललेला संगणक तोच राहतो की दुसरा होतो, हा न्याय-वैशेषिक आणि बौद्ध आचार्यांमधला जुना वाद येथे उपस्थित करता येईल. पहिल्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, खराच असतो व अवयव पालटला की काटेकोर अर्थाने नवा अवयवी उत्पन्न होतो. दुसऱ्यांच्या मते असा अवयवी मुळातच नाही, केवळ अवयवांचा समूह व त्याला दिलेले नाव आहे. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेकाठी सन्नतीजवळ कनगनहळ्ळी येथे ज्यांनी स्तूप उभारला त्या उपासकांना हा दुसरा पक्ष जवळचा वाटला असता. पण प्रस्तुत प्रश्नाला त्या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही; संगणक तोच असो वा दुसरा, वेगाची आज्ञा पुढे चालू राहिली आहे, आणि जबाबदारी त्या आज्ञेच्या सातत्याबरोबर येते.

राहता राहिला तो जुना डबा. तो उघडू नये, कारण वीज काढून घेतल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक दाब काही काळ टिकून राहू शकतो. तो भंगारात गेला तर त्याच्या तारा तांब्यासाठी जाळल्या जातात, त्यांवरील पीव्हीसीच्या आवरणातून आम्लधर्मी व विषारी वायू निघतात, आणि जुन्या डब्यांच्या जोडणीतील शिसे राखेतून मातीत उतरते. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत व त्यांनी उत्पादकावर नोंदणीकृत केंद्रांकडून पुनर्चक्रीकरण करवून घेण्याची जबाबदारी टाकली आहे. पण तालुक्याच्या गावात डबा बहुधा हातगाडीवरून भंगार गोळा करणाऱ्याच्या हाती जातो, आणि वेगाचा कोणताही लाभ ज्याने पाहिला नाही त्याच्या श्वासात त्या वेगाची शेवटची किंमत जमा होते. मिताक्षरेच्या भाषेत त्याने कोणतीही ठेव घेतली नव्हती आणि लक्कम्माच्या भाषेत त्याने एक दाणाही अधिक उचलला नव्हता. तेव्हा नवा एसएमपीएस घेतानाच जुना डबा न फोडता नोंदणीकृत संकलन केंद्रापर्यंत पोहोचवण्याची सोय विक्रेत्याकडे मागणे, आणि ती नसेल तर तो बीदर किंवा कलबुर्गी शहरात स्वतः नेऊन देईपर्यंत घरातच कोरड्या जागी जपून ठेवणे, हे या बदलाच्या कामातले अखेरचे पण टाळता न येणारे अंग आहे.